सातुर्नालियाची राणी

यंदा केकमधला घेवड्याचा दाणा जोलीनच्या दाताखाली आला आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा तास झोपेत जाणार.

जोलीन प्रुइट माझ्या लॅटिनच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसते. बसते कसली, पडते. शाळेआधी भल्या पहाटे ती डोनटच्या दुकानात तळणीपाशी उभी असते आणि तिथून तडक इकडे येते, अंगाला साखरेचा वास घेऊन. तिला उठवायची माझी एकच रीत. दाराजवळचं बटण खटाखट दाबायचं, ती डोळे उघडेपर्यंत दिवे लावायचे आणि विझवायचे. मुलं खिदळतात. इतकी वर्षं शिकवून माझ्याकडे एवढाच विनोद शिल्लक राहिला आहे.

मी थकले आहे, सरळ सांगते. दर सप्टेंबरला तीच पहिली विभक्ती फळ्यावर लिहायची, 'रोमन लोक खरंच आडवे पडून जेवायचे का' याला तेच उत्तर द्यायचं, रोमनांसारखे चादरींचे तेच टोगा अंगाभोवती नेसवायचे. घरी माझ्या नवऱ्याचे, लेनचे, गुडघे गेलेत, त्याला जिना चढवत नाही. येत्या जूनमध्ये नोकरी सोडायचं मी ऑक्टोबरातच ठरवलं होतं.

आमचे मुख्याध्यापक ब्रँट यांना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, "मिसेस नोवाक, तुम्ही गेलात की लॅटिन बंद. या टोलिडोत मी दुसरं माणूस कुठून पैदा करू? पण मुलांना आत्ता बोलू नका. पळाली तर वर्ग आत्ताच मोडेल." मी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही मधेच कटकट नको होती.

जोलीनचं काय होईल हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पोरगी अकरावीत. तिला नर्स व्हायचंय आणि आमच्या राज्याच्या विद्यापीठाला एकाच परकी भाषेची दोन वर्षं लागतात. लॅटिन पुढल्या वर्षी नसेल तर तिचं हे वर्ष पाण्यात. मी त्याकडे कानाडोळा केला. थकलेल्या माणसाला ते चांगलं जमतं.

तर नाताळच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस, म्हणजे आमचा सातुर्नालिया. या सणात रोमन मालक गुलामांना वाढायचे, आणि गुलामानं तोंडावर काहीही सुनावलं तरी रागवायचे नाहीत. आमच्याकडे केकमध्ये लपवलेला दाणा ज्याला सापडेल तो राजा, आणि मी गुलाम. शिवाय एक नियम मीच उत्साहाच्या भरात, तरुणपणी घातलेला. राजानं विचारलं तर माजिस्त्रानं खरं उत्तर द्यायचं. माजिस्त्रा म्हणजे बाई, मुलं मला तशीच हाक मारतात. एरवी ती विचारतात, केस रंगवता का? मी म्हणते, हो.

"इओ सातुर्नालिया!" अशी सणाची रोमन आरोळी ठोकत कोल्बीनं बाक बडवला. हा आमच्या वर्गातला दंगेखोर. त्यानं सोनेरी कागदाचा मुकुट जोलीनच्या डोक्यावर ठेवला. दुकानाच्या गणवेशावरच गुंडाळलेल्या चादरीत ती जांभई देत उभी राहिली.

"राणीसाहेब, हुकूम सोडा! माजिस्त्राला कोंबडीसारखं चालायला लावा!"

"गप रे, कोल्बी. सगळ्यांनी बाकावर डोकं टेकवा. दिवे बंद."

"अगं, हा काय हुकूम? सणाचा दिवस आणि ही म्हणे झोपा!"

"मी राणी आहे ना? मग पड गुमान."

दिवे मीच बंद केले, गुलाम होते ना मी. माझ्या खुर्चीत जाऊन बसले. थोडा वेळ खुसखुस झाली, मग सगळ्यांनी खरंच डोकी टेकवली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

"माजिस्त्रा," जोलीनचा आवाज आला, "नियम चालू आहे ना? खरं सांगायचा?"

"चालू आहे."

"तुम्ही जाताय ना?"

"कुठे जातायत?" कोल्बीनं डोकं वर काढलं.

"परवा एक माणूस टेप घेऊन ही भिंत मोजत होता ना. तुला वाटलं टीव्ही येतोय. मी विचारलं त्याला. म्हणाला, पुढच्या वर्षी इथे स्पॅनिशवाल्या बाईंची कपाटं येणार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तुम्हाला थांबा म्हणत नाहीये. तुम्ही दमलाय, ते दिसतं. माझी आई दमते तेव्हा अशीच हसते, नुसत्या ओठांनी. पण स्पॅनिशचा नवा वर्ग जानेवारीत सुरू होतोय. आत्ता बदलून घेतलं आणि उन्हाळ्याची शाळा केली, तर माझी दोन वर्षं भरतात. जूनमध्ये कळलं तर नाही भरत. म्हणून विचारतेय."

खोटं बोलता आलं असतं. सण काय, खेळच तो. पण मला लाज वाटली.

"हो," मी म्हटलं. "जूनमध्ये. आणि माझ्यानंतर लॅटिन बंद."

मग कोल्बी हळूच म्हणाला, "आयला, कोंबडीच बरी होती."

"सांगायला हवं होतं तुम्ही," जोलीन म्हणाली.

"हो गं, हवं होतं."

"आज तुम्हाला माझ्यावर रागावता येत नाही. म्हणून म्हटलं." ती खाली बसली. "आता तुम्हीपण डोकं टेकवा. हुकूम आहे."

मी टेकवलं. झोप कसली लागते, टेबलाची फळी ओली झाली. घंटा झाली तशी सगळी चवड्यांवर बाहेर गेली. कोल्बीसुद्धा.

जानेवारीत निम्मा वर्ग गेला. ब्रँट भडकले. "एवढी एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही तुम्हाला?" ते म्हणाले. उरलेल्यांना मी पहिल्या विभक्तीच्या पुढे ढकलते आहे. कोल्बी राहिला, का ते देव जाणे. स्पॅनिशचा वर्ग समोरच आहे. दार उघडं असलं की जोलीन दिसते, पुढच्या बाकावर, टक्क जागी. बरं वाटतं. वाईटही वाटतं, माझ्या तासाला ती अशी कधी बसली नव्हती.

काल जेवणाच्या सुटीच्या तोंडावर माझ्याच्याने उभं राहवेना. रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर, तिच्या जागी जाऊन बसले आणि डोकं टेकवलं. समोरचा तास सुटला, मुलांचा गलका गेला. मग दारापाशी पावलं थांबली आणि साखरेचा वास आला. आता ही बटण खटाखट दाबणार, मी डोळे मिटूनच वाट पाहिली. माझी खोड माझ्यावरच उलटणार होती, आणि ते रास्तच होतं.

बटण एकदाच वाजलं. दिवे विझले, आणि तिनं दार हळूच ओढून घेतलं.