नावाचा भाव

थोरली रजिस्ट्रीत नोकरीला होती आणि धाकटीचं दुकान होतं. म्हणजे एक घाऊक बाजारात, दुसरी किरकोळीत. माल मात्र एकच, इंटरनेटवरची नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते. रजिस्ट्री नावं सांभाळायची, दुकानदार ती गिऱ्हाइकांना विकायचे. कुणी नाव मागितलं की दुकानाचा कॉम्प्युटर रजिस्ट्रीच्या कॉम्प्युटरला विचारायचा, "हे मोकळं आहे का?" उत्तर यायचं, आहे किंवा नाही. त्यापुढे चकार शब्द नाही. विचारलं तेवढंच बोलायचं, हा रजिस्ट्रीचा बाणा.

भावाची यादी वेगळी. साधी नावं साध्या भावाची, पण एकशब्दी, देखणी नावं महाग, आणि कुठलं कधी महागेल याला काही धरबंध नव्हता. यादी ईमेलने यायची, तीही शिळी. मोठ्या दुकानांची माणसं रजिस्ट्रीच्या साहेबांना फोन करून ताजी बातमी काढायची. धाकटीसारख्यांनी यादीवर भरवसा ठेवायचा आणि तोंडघशी पडायचं. तिने एका फूलवालीला 'फुलं' हे नाव साध्या भावात विकलं आणि रजिस्ट्रीने ते नाकारलं, भाव मधल्या मध्ये वाढला होता. फूलवाली दुकानाच्या दारात उभी राहून तिला लबाड म्हणाली. सगळ्या इमारतीने ते ऐकलं.

त्या संध्याकाळी धाकटी थोरलीकडे आली ती तणतणतच.

"ताई, भाव बदलायचे असले की आधी माझ्या कानावर घालत जा. बहीण आहेस ना माझी?"

"तुला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागेल."

"मग सांग की सगळ्यांना. हात कुणी धरलाय तुझा?"

असं म्हणून ती जी गेली, ती बोलेनाशीच झाली. दोघींचे निरोप आई पोचवायची आणि वर म्हणायची, "या वयात मला टपालात नोकरी लागली बघा."

पण धाकटी रागाच्या भरात बोलली ते थोरलीच्या डोक्यातून जाईना. खरंच, हात कुणी धरला होता? ती साहेबांकडे गेली. नाव मोकळं आहे का, या प्रश्नाच्या उत्तरातच भावही देऊ या, म्हणाली. पहिल्या वर्षाचा आणि पुढच्या दरवर्षीचा.

"यादीत काय वाईट आहे बाई? इतकी वर्षं चाललंय. मोठी दुकानं रागावतील."

"रागावू देत, साहेब. ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे त्यालाच खरा भाव कळतो, याला काय म्हणायचं?"

साहेबांना ते झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच ते तयार झाले. सगळ्या दुकानांना एकच पत्र गेलं: तुमच्या कॉम्प्युटरला नावासोबत भाव विचारायला शिकवा, उत्तर त्याच क्षणी मिळेल, फोनवर भाव सांगणं बंद. मोठ्या दुकानांनी नाकं मुरडली. आमच्याकडे यादी आहे की, म्हणाली.

रविवारी दुपारी आई आली.

"धाकटी दुकान सोडतेय. खालचा किल्लीवाला जागा मागतोय. एक मधवाला तेवढा उरलाय, त्याला 'मध' हे नाव हवंय. उद्या जमलं तर ठीक, नाहीतर ती कुलूप लावणार."

थोरलीच्या हातातला कप तसाच राहिला. यादीत 'मध' कुणा मधवाल्याच्या बापाला परवडणार नाही इतकं महाग होतं. पण सोमवारी दहा वाजता ते आणि तसली बरीच नावं साध्या भावात येणार होती. हे रजिस्ट्रीतल्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं, आणि तीच त्यांतली एक.

आईने तिचा चेहरा वाचला. "एक शब्द सांगितलास तर काय बिघडेल?"

"सगळंच बिघडेल, आई."

आई गेल्यावर ती रडली. आपल्या नोकरीचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

सोमवारी ती पडद्यासमोर बसली. दहा वाजले आणि प्रश्नांची रांग लागली. एका मोठ्या दुकानाने विचारलं, 'मध' मोकळं आहे का? आहे. दुसऱ्याने विचारलं. आहे. पुढे दोघंही गप्प. यादीतला जुना भाव सांगून त्यांनी आपापली गिऱ्हाइकं घालवली असणार.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "भाव कुणीच विचारत नाहीये, बाई."

थोरली पडद्यावरची नजर हलवेना. 

तेवढ्यात एक ओळ उमटली. 'मध' मोकळं आहे का, आणि भाव काय, यंदाचा आणि पुढचा?

दुकान धाकटीचं होतं. म्हणजे अबोला धरून, आईजवळ दुकान सोडायच्या गोष्टी करून, बयेने ते पत्र वाचून कॉम्प्युटरला भाव विचारायला शिकवून ठेवलं होतं.  उत्तर गेलं: मोकळं आहे, भाव साधा, दरवर्षी तोच.

मग काहीच नाही. एकदा पोळलेली बाई, एवढ्या स्वस्ताईवर विश्वास ठेवेल? तिला फोन करायला थोरलीचे हात शिवशिवत होते. ते तिने मांडीखाली दाबून धरले.

नोंदवा, अशी ओळ आली.

आणि मग धाकटी सुटलीच. 'पाव', 'चाक', 'सुतार', 'फुलं', मनात येईल त्या नावाचा भाव ती विचारत गेली. जुन्या, परतून गेलेल्या गिऱ्हाइकांना एकीकडे फोन चालले असणार, कारण विचारल्यामागोमाग नाव नोंदवलं जात होतं. मोठी दुकानं यादी उराशी धरून बसली होती. साहेबांनी खुर्ची ओढली आणि सामना बघावा तसे ते बघत बसले.

जेवणाच्या सुट्टीत थोरलीचा फोन वाजला. फार दिवसांनी पडद्यावर धाकटीचं नाव होतं.

"ताई," धाकटीला धाप लागली होती. "फूलवाली आत्ता माझ्यासमोर बसलीये. किल्लीवाल्याला सांगून टाकलं, जागा मिळणार नाही." मग म्हणाली, "शेवटी सांगितलंसच मला."

"तुला नाही. सगळ्यांना सांगितलं."

"हो," धाकटी म्हणाली, "पण ऐकलं मी."