दिवटीची वात

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. तेव्हाची मुकुंदवाडी म्हणजे रुळांपलीकडचा उघडा माळ, आणि त्या माळावर मुंजाबा धनगराच्या भाऊबंदांची वस्ती. मुंजाबाची सून सखू हिला तिथं मोठा मान. चंपाषष्ठीला खंडोबाच्या आरतीत दिवटी फडफडली, की पेटती वात ती उघड्या बोटांनी पुढं सारी. हात मागं येत नसे. "देवानंच हात धरलाय पोरीचा," असं तिची सासू बानाबाई भेटेल त्याला सांगे. दुसऱ्या दिवशी उठलेले फोड सखू पदराखाली झाकी. ते दुखत नसत, म्हणून तीही ती देवाची कृपाच मानी.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी शहरातून द्वारकाबाई नर्स कातडी तपासायला आल्या. सखूच्या मनगटावरचा फिकट चट्टा पाहून त्यांनी बानाबाईला पाणी आणायला पिटाळलं आणि सखूला पालात बसवलं.

"डोळ्यांवर पदर घे. सुई टोचली की व्हय म्हण."

सखूनं चट्ट्याकडं बघत पदर ओढला. असाच चट्टा उठला तेव्हा महारोगी म्हणून पलीकडच्या वस्तीनं एका लेकुरवाळ्या बाईला हाकलून दिलं होतं. पदराआड ती कान देऊन बसली. द्वारकाबाईंच्या बांगड्या किणकिणल्या.

"व्हय."

पुन्हा किणकिण.

"व्हय, टोचलं."

पुन्हा किणकिण.

"व्हय की!"

"सखू, आता मी नुसता हात हलवला."

सखूनं पदर काढला. बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके होते. रक्त आपलं, अन् आपल्यालाच पत्ता नाही!

"ऐक," द्वारकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कातडीखाली बारीक नसा असतात. चटका बसला की त्या पाठीच्या कण्याला खबर देतात. हात मागं घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो. दुखल्याचं डोक्याला कळतं ते मागून. तुझ्या नसा रोगानं बधिर केल्यात. राखणीचं कुत्रं भुंकायचं थांबलं, तर लांडगा यायचा थांबतो का?"

"मेंढरं जात्यात," सखू पुटपुटली.

"तशी बोटं जातील. गोळ्यांनी रोग थांबेल, पण मेलेली नस परत येईलच असं नाही. विस्तवाला हात लावू नकोस."

बोलता बोलता त्यांनी दंडावर सुई टोचली.

"आई गं!"

"छान! इथलं कुत्रं जागं आहे." त्या उठल्या. "मी वस्तीत बोलणार नाही. सांगायचं की नाही, ते तू बघ."

दिवस कलला. भंडारा उधळला गेला, आरती सुरू झाली आणि दिवटी फडफडली. सगळ्यांच्या माना सखूकडं वळल्या. तिनं हात काखेत घट्ट धरला होता.

"लाव की हात," बानाबाई म्हणाली.

"काडी द्या, आत्याबाई."

"देवाच्या वातीला काडी?"

"देव रुसला का काय सूनबाईवर?" मुंजाबानं टोमणा मारला. बायका हसल्या.

"रुसला नाय," सखू म्हणाली. "माझ्या हाताला भाजल्यालं कळतच नाय. ह्यो रोग हाय. गोळ्या घेतल्या की थांबतो म्हणत्यात."

हसू जागीच थिजलं. शेजारची बाई सखूपासून दोन हात सरकली.

"गप! काय बी बोलती!" बानाबाई पुढं झाली. "देवाच्या दारात कुणाला भाजत नस्तंय. ह्ये बघा, मी सारते."

तिनं वातीला बोट लावलं मात्र, "स्स्!" करून हात आपसूक मागं आला. सगळ्यांदेखत. तिनं ठरवायच्या आधीच. बोट तोंडात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिनं सखूचा हात काखेतून ओढून दिवटीच्या उजेडात धरला. फोडांचे जुने, काळे व्रण. एक बोट शेंड्याला झिजलेलं. दर साली ह्याच हाताला ती पुढं ढकलत आली होती.

"कशाला शिवतीस तिला?" मुंजाबा ओरडला.

 कुंपणाची काडी मोडून बानाबाईनं सखूच्या हातात ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं एकेक करून मिटवली.

"बघून धर गं," ती म्हणाली. "लई जवळ नगं नेऊ."