दारफाळणीची पाहुणी

दारफाळणीच्या दिवशी दार उघडायचं नाही, हे फ्लोराबाईला तिच्या सासूनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. शहरातले लोक त्या सणाला किप्पूर म्हणतात. कोकणातल्या जुन्या यहुदी घरांत मात्र तो दारफाळणीचा सण. आदल्या दिवशी न्हाऊनधुऊन पांढरे कपडे घालायचे, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी ताट वाढायचं, ऊद जाळायचा आणि एकेकाचं नाव घेऊन त्यांना बोलवायचं. सूर्य कलला की दार लावून घ्यायचं, ते दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत. तोंडात पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्याला शिवणं नाही, कोणी हाक मारली तर ओ देणं नाही. घरात आपण आणि आपली मेलेली माणसं. त्यानंतरचा दिवस शिळा सण. सकाळी दार सताड उघडायचं, पुन्हा ऊद घालायचा, पुन्हा नावं घ्यायची, की आलेले आपापल्या वाटेनं परत जातात. मग दानधर्म करायचा आणि उरलंसुरलं शिळं सगळ्यांनी मिळून खायचं.

रोह्यात, कुंडलिका नदीच्या अंगाला असलेल्या त्या आळीत आता यहुद्यांचं एवढं एकच घर उरलं होतं. बाकीचे केव्हाच इस्रायलला गेले. त्यांची घरं विकली गेली, पाडली गेली. एकाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, दुसऱ्याच्या जागी नुसतंच गवत. फ्लोराबाई विधवा. मुलगा नथानियल धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. घर दोन खोल्यांचं, पण सणवार एकही चुकत नसे.

त्या वर्षी नथानियलला दारफाळणीची रजा मिळाली नाही. कंपनीत मशिनरी उघडून दुरुस्तीचं काम निघालं होतं. फ्लोराबाई दार लावून एकटीच बसली. दुपार झाली. उपासानं डोकं हलकं झालेलं, खिडक्या बंद, फटींतून उन्हाच्या रेघा जमिनीवर पडलेल्या. एवढ्यात कडी वाजली.

"फ्लोरा गो, दार उघड."

बाईचा आवाज. दमलेला, लांबून चालत आल्यासारखा. फ्लोराबाई गप्प राहिली. पुन्हा तोच आवाज, "दार उघड गो बाय, किती उभं ऱ्हायचं?"

तिच्या मनात एकदम नथानियल आला. उघडी मशिनरी, अवजड पाइप, काय झालं असेल कोणास ठाऊक. फोन तर तिनं काल संध्याकाळीच बंद करून ठेवला होता. समोरची जमिला निरोप घेऊन आली असणार. फ्लोराबाई उठली आणि तिनं दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. आळी उन्हात रिकामी पडली होती. समोर जमिलाचं दार बंद, अंगणात तिच्या कोंबड्या होत्या, पण एकही हलत नव्हती. सगळ्या माना वळवून फ्लोराबाईच्या उंबरठ्याकडे पाहत होत्या. वारा पडलेला. तरी दारावरचा पडदा आत फुगला, फ्लोराबाईच्या दंडाला काहीतरी घासून गेलं, अगदी गर्दीत कोणी अंग चोरून बाजूनं जावं तसं, आणि पडदा पुन्हा सरळ झाला.

तिनं दार लावलं. संध्याकाळपर्यंत ती भिंतीला पाठ लावून बसली आणि स्वयंपाकघराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

नथानियल सुखरूप परत आला. शिळ्या सणाला सकाळी तिनं दार उघडून ऊद घातला, नवरा, सासू, सासरे, दीर, सगळ्यांची नावं घेतली. दरवर्षी तो धूर दारातून सरळ बाहेर जायचा. या वेळी अर्धा बाहेर गेला. अर्धा उंबरठ्यापर्यंत गेला, थांबला, मागे फिरला आणि स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"वारा उलटा असेल," नथानियल म्हणाला.

फ्लोराबाई विझलेल्या उदाची राख भरू लागली.

पुढे थंडीत हनुक्काचे दिवे आले. संध्याकाळी लावायला तिनं पणत्यांत बेतानं तेल घालून ठेवलं आणि अंगण झाडून आत आली, तर पणत्या काठोकाठ भरलेल्या. बोट बुडवून वास घेतला. घरात पिशवीतलं रिफाइंड तेल होतं. हे तेल घाण्याचं होतं, तिळाचं, आत्ता काढल्यासारखं. त्या दिवसापासून तो वास घरात राहिला. नथानियललाही यायचा. "धाटावच्या कंपन्या काहीतरी नवीन सोडतायत हवेत," तो म्हणायचा आणि नाक मुरडून कामाला जायचा.

होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, घरात वेगळं काही घडलं नाही. पण अनशी डाखाच्या सणाला, म्हणजे वल्हांडणाला, आंबट चटणीच्या मडक्याचं तोंड बांधायचं असतं. फ्लोराबाईनं पांढरं फडकं बांधलं, आपली साधी गाठ मारली. जेवून आली तर गाठ सोडून पुन्हा बांधलेली. घट्ट, दुहेरी, तेलाच्या चामडी बुधल्याला मारावी तशी. बोटांनी सुटेना, शेवटी सण संपल्यावर कापावी लागली.

तिला भीती वाटायची, पण नवल म्हणजे ती भीती दिवसेंदिवस सवयीची होत गेली. पावसाळ्यात बिरड्याचा रोजा आला. या उपासाला मोड आलेल्या वालाचं बिरडं करून, खाली बसून, पानावर जेवायचं. फार पूर्वी यहुद्यांचं देवाचं मंदिर पडलं त्याचं ते सुतक. फ्लोराबाईनं वाल कोमट पाण्यात टाकले आणि कांदा आणायला बाहेर गेली. आली तेव्हा निम्मे वाल सोललेले होते. सालं एका बाजूला, डाळिंब्या दुसऱ्या बाजूला, एकही मोडलेली नाही. ती समोर बसली, उरलेले सोलू लागली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हात बरा हाय गो तुझा. कोणाची तू?"

पातेल्यातलं पाणी हललं, जणू कोणी बोटं बाहेर काढली.

आईचं हे बोलणं नथानियलनं दारातून ऐकलं. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्यानं तिला पेणला हासाजीकडे नेलं. हासाजी म्हातारा, पेणच्या आपल्या मशिदीच्या आवारात एका खोलीत राहायचा. यहुद्यांचं प्रार्थनाघर, पण जुनी माणसं त्याला मशीदच म्हणतात. त्याचं मूळ गाव जिते. बायको रिबका वारली, मुलं इस्रायलला, जित्याचं घर पडलं. सणांच्या जुन्या रिती विचारायला आता त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही.

"ज्यांना दार हाय, ते दारात येतात," तो म्हणाला. "पण ज्यांची माणसं पार समुद्रापलीकडे गेली, घरं पडली, त्यांनी कुठं जायचं? ती येतातच. दरसाल येतात आणि रस्त्यात उभी ऱ्हातात. तू भर दारफाळणीत दार उघडलंस, त्यातली एक आत आली."

"मग शिळ्या सणाला गेली का नाय, मामा?"

"जाईल कशी? तू तुझ्या माणसांची नावं घेतलीस, ती उठली, गेली. हिचं नाव कोणी घेतलं? नाव घेतल्याशिवाय पाठवता येत नाय गो. नाव शोध."

"आणि नाय सापडलं तर?" नथानियलनं विचारलं.

"तर घरातली म्हणूनच ऱ्हाईल. आज वाल सोलते. उद्या तुझ्या आईच्या जागी बसंल."

परतीच्या गाडीनं नागोठणं मागं टाकलं. मग नथानियल म्हणाला, "आई, या वर्षी मी घरी असेन."

नव्या वर्षाचा नव्याचा सण झाला, खिरीचा सण झाला, आणि दारफाळणीच्या आदल्या दिवशी फ्लोराबाईनं पुन्हा ताट वाढलं. घरच्यांची नावं घेऊन झाली. मग हासाजीनं सांगितलेली, तिला स्वतःला आठवणारी, नथानियलला लहानपणापासून ऐकून माहीत असलेली जुन्या यहुदी बायकांची नावं ती एकेक करून घेऊ लागली. "एस्तेरबाई... लेआबाई... मिलकाबाई..." प्रत्येक नावानंतर ती थांबायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काही हलायचं नाही. तेलाचा वास मात्र इतका दाटला होता की घशाला चिकटत होता.

त्याच वेळी जमिला आली. तिचा नवरा खालिद आखातात. दरसाल या दिवशी ती फ्लोराबाईला भेटून जायची, कारण दुसऱ्या दिवशी भेट नसे. एरवी दोघी अंगणातच बोलायच्या. उंबऱ्यातच ती थबकली. नाक वर करून उभी राहिली.

"फ्लोराबाय, हा वास कसला गो?"

"तुला पण येतो?"

"येतो म्हंजे? आमच्या अम्माच्या पेटीत एक दुपटं हाय, माझ्या जन्माच्या वक्ताचं. त्याला हाच वास. किती धुतलं तरी जात नाय." जमिलाचा आवाज बारीक झाला. "तुमच्यातली एक तेलीण होती या आळीत. तिचा घाणा बंद पडला तरी बाळबाळंतिणीला तेल लावायला जायची. आमचं घर, तुमचं घर, असं काय नव्हतं तिच्याजवळ. मला पहिलं तेल तिनं लावलं. अम्मा सांगायची, तू लग्न होऊन यायच्या आधीच ती गेली, तिच्या मागं रडायला पण कोण नव्हता."

"नाव?" फ्लोराबाईनं विचारलं.

जमिला डोळे मिटून उभी राहिली. "सेगुला," ती म्हणाली. "सेगुलाबाय."

कोपऱ्यात कोणीतरी श्वास घेतला. लांब, खोल, बुडालेलं माणूस वर येताना घेतं तसा. तिघांनीही तो ऐकला. नथानियल भिंतीला टेकला. जमिला मागं वळून न पाहता आपल्या घरी गेली आणि तिनं आतून कडी घातली.

फ्लोराबाईनं ताटासमोर बसून नीट हाक मारली, "सेगुलाबाई, ये. जेव."

मग दार लावून घेतलं.

दुसरा दिवस त्या दोघांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. सकाळी घर नेहमीसारखंच होतं. दुपारकडे हवा जड झाली. कोणी कडी वाजवली नाही, कोणी हाक मारली नाही. पण खोलीत उकडू लागलं. लग्नघरात, मयतीच्या घरात माणसांच्या अंगाची जशी ऊब साठते तशी. नथानियल जमिनीवर बसला होता. त्यानं पाय पोटाशी घेतले. थोड्या वेळानं तो भिंतीकडे सरकला, मग आणखी सरकला.

"आई," तो कुजबुजला, "जागा नाय."

"बोलू नकोस."

"आई, दार तर बंद हाय. ही सगळी आली कुठून?"

फ्लोराबाईला ते तेव्हाच कळलं होतं. तिनं सेगुलाबाईला नाव घेऊन बोलावलं, मान दिला, घरची केली. आणि घरच्या बाईनं आपली माणसं बोलावली होती. रस्त्यात उभी असलेली सगळी. फ्लोराबाईनं पदर अंगाशी लपेटून घेतला, कोणाला धक्का लागू नये म्हणून, आणि चांदण्या दिसेपर्यंत तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत राहिली. भीती होतीच. पण तिच्या लक्षात आलं की आजूबाजूला कोणीतरी तिच्याबरोबर ती प्रार्थना म्हणतंय, तिच्यासारखंच कुठे अडखळत, कुठे चुकीचा शब्द घेत.

शिळ्या सणाला उजाडताच नथानियलनं दार उघडलं. फ्लोराबाईनं ऊद घातला. घरच्यांची नावं घेतली, ती गेली. मग ती कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. बाकीच्यांची नावं तिला ठाऊक नव्हती आणि आता शोधत बसायला वेळही नव्हता.

"सेगुलाबाई," ती मोठ्यानं म्हणाली, "तू आणलीस, तूच घेऊन जा. हे घर माझं हाय. पुढल्या साली ताट वाढीन, पण आज उठ."

मग दारात उभा असलेला नथानियल एका बाजूला झाला. पोट आत घेऊन, चौकटीला पाठ लावून, अरुंद वाटेनं वरात जाताना माणूस उभं राहतं तसा. आपण असं का केलं हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं. समोर जमिला अंगणात येऊन उभी होती. तीही ओढणी सावरत मागं सरकली, आणि तिच्या कोंबड्या दोन बाजूंना झाल्या. आळीतून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धूळ उडत नव्हती, पान हलत नव्हतं. तरी रस्ता भरलेला आहे, हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही दिसत होतं म्हणा, कळत होतं म्हणा. किती तरी वेळ नथानियल चौकटीला चिकटून उभा होता.

शेवटी त्यानं श्वास सोडला. घरात नुसता उदाचा वास उरला होता.

जमिला उंबऱ्याशी येऊन बसली. "गेली?"

"गेली," फ्लोराबाई म्हणाली.

जमिलानं तोंडावर ओढणी घेतली आणि रडली. फ्लोराबाईनं तिला रडू दिलं, मग शिळ्या पुऱ्या तिच्यापुढे ठेवल्या.

दुपारी तिनं हासाजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"फ्लोरा," तो म्हणाला, "त्यात माझी रिबका होती काय गो? इथं माझं दार नाय. मशिदीची खोली ही. ती कुठं येणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण शिळ्या सणाला फ्लोराबाईला ते जमेना.

"तोंडं नाय दिसली, मामा. ठाव नाय मला. पुढल्या दारफाळणीला तुम्ही इथंच या. तिला हाक तुम्हीच मारा."

मग त्यानं विचारलं, "पेणवरनं सकाळची रोह्याची गाडी हाय ना गो अजून?"