दुसरा टप्पा

महाडहून पोलादपूरकडे निघालं की डाव्या हाताला गिरिकुंज कॉलनी लागते. काही वर्षांपूर्वी तिथं भाताची खाचरं होती. आता बैठी घरं आहेत, चार इमारती आहेत, गणपतीचं छोटं देऊळ आहे. कारखान्यात नोकरी करणारे, मुंबईहून निवृत्त होऊन परतलेले आणि मुलांच्या शाळेसाठी वरच्या वाड्यांतून खाली उतरलेले, अशी तीन तऱ्हेची माणसं तिथं राहतात. वैशाली शेवटच्या तऱ्हेतली. तिचं माहेर कॉलनीच्या डोक्यावरच, डोंगरातल्या बोरकोंड वाडीत. नवरा हर्षद कारखान्यात पाळीवर जायचा आणि ती घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरण चालवायची.

गिरण चालवायची म्हणजे लाईट असेल तेव्हा. कॉलनीची लाईन सबस्टेशनमधून सरळ येत नव्हती. आधी ती डोंगर चढून बोरकोंडाला जायची, रानातल्या ऐन-किंजळीच्या फांद्यांतून वाट काढत, आणि मग उतरून कॉलनीला यायची. वाऱ्यानं फांदी पडली की वाडीही अंधारात आणि कॉलनीही. पावसाळ्यात एकदा गेलेली लाईट कधी येईल ते सांगायला कुणी नसायचं. वीज कंपनीच्या ऑफिसचा फोन उचलला जात नसे. जात्यात अर्धवट दळलेली नाचणी अडकून बसली की वैशालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोसायटीच्या अध्यक्ष प्रियदर्शिनी मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची इन्सुलिनची इंजेक्शनं बंद फ्रीजमध्ये खराब झाली होती. सगळे वैतागलेले होते, पण ऑफिसची पायरी चढायला कुणी तयार नव्हतं.

चढली ती वैशाली. एकदा नाही, वरचेवर. शेवटी तिथला तरुण इंजिनिअर ऋत्विक तिला नावानं ओळखायला लागला. मुलगा मनानं चांगला होता. एक दिवस तो स्वतः कॉलनीत आला, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून म्हणाला, "ताई, उपाय सोपा आहे. सबस्टेशनकडून डोंगराच्या पायथ्यानं सरळ नवी लाईन आणायची. रान लागतच नाही, त्यामुळे फांद्यांचा प्रश्न मिटला. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कॉलनीनं वर्गणी काढून बसवायचा, बाकी आम्ही करतो. फक्त मधे एका माणसाची वरकस, उताराची जमीन आहे. त्यानं पोल उभे करू दिले पाहिजेत."

"कुणाची जमीन?"

"महादू हैबती कुणीतरी. बोरकोंडचे."

वैशाली हसली. "माझा दादा आहे तो."

"मग झालंच की काम!"

"आणि बोरकोंडाचं काय? त्यांनाही नव्या लाईनवर घ्याल ना?"

"घेऊ की. पहिल्या टप्प्यात कॉलनी, दुसऱ्या टप्प्यात वाडी. मी प्रस्ताव करतो."

महादूला पटवायला वैशाली दुसऱ्याच दिवशी वर गेली. महादू अंगणाच्या कडेनं काट्यांची वई बांधत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला कोयता खाली ठेवला.

"पोल आमच्या जाग्यात नि लाईट तुमच्या कॉलनीला?"

"वाडीला पण येणार हाय, दादा. पहिला आमचा नंबर, मग तुमचा. सायबांनी सांगितलंय."

"त्या जाग्यातले आंबे तोडावं लागतील."

"दोनच."

"दोनच म्हणं. त्यातला एक आबांनी लावलेला हाय गो, वैशे."

वडिलांचा तो आंबा वैशालीलाही माहीत होता. महादूची बायको आवडी चहा घेऊन बाहेर आली. ती म्हणाली, "तोडा की. पावसात चार-चार रोज पान्याची मोटार बंद असती. टाकीत पानी नाय, नि मी वहाळावरनं हंडं आणतंय. आंबा काय, परत लावता येल."

महादूनं कोयता उचलून वईत खोचला. मग म्हणाला, "सायेब-बियेब मला नाय माहीत. आज हाय, उद्या नाय. तू सांगतेस ना, वाडीला लाईट येल म्हणून?"

"मी सांगते."

"मग हान म्हणावं पोल."

शिमग्यानंतर काम सुरू झालं. आंबे मोहरलेले होते, तसेच पाडले. महादू त्या दिवशी मुद्दाम पोलादपूरच्या बाजाराला निघून गेला. पोल उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि पावसाच्या आधी कॉलनीत नवी लाईट आली. उद्घाटनाला पुढारी आले. प्रियदर्शिनी मॅडमनी भाषणात कंपनीचे, पुढाऱ्यांचे, सोसायटीच्या सभासदांचे आभार मानले, वैशालीला शाल-श्रीफळ दिलं. महादूला वैशालीनंच बोलावलं होतं. तो पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. वैशाली नंतर मॅडमना म्हणाली, "माझ्या भावाची जमीन..." तेव्हा मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, राहूनच गेलं!" तोवर महादू डोंगर चढायला लागला होता.

त्या पावसाळ्यात कॉलनीतली लाईट गेली नाही. गेलीच तर एखादा तास. गिरणीचा पट्टा दिवसभर फिरत राहिला. शेजारणी वैशालीच्या पाठीवर थाप मारून जायच्या. तिलाही वाटायचं, आपल्या हातून काहीतरी झालं.

वर बोरकोंडात उलटंच घडलं होतं. ते आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जुन्या लाईनच्या टोकाला कॉलनी होती तोवर कॉलनीतली माणसं बोंबाबोंब करायची, पुढाऱ्यांना फोन लावायची, आणि उशिरा का होईना, वायरमन डोंगर चढायचा. आता टोकाला फक्त वाडी उरली होती. थोडी घरं, त्यातली निम्मी कुलूप लावून मुंबईला गेलेली. आषाढात एक पोल तारांसकट आडवा झाला, तो कुणी उचलायलाच आलं नाही. महादूनं ऑफिसात चकरा मारल्या. माणसं कमी आहेत, पाऊस उघडला की बघू, असं सांगून त्याला परत पाठवलं. ऋत्विकची बदली झाली होती. वैशालीनं त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, प्रस्ताव मी पाठवला होता हो. पुढे काय झालं ते आता तिथल्या साहेबांना विचारा." आवाजावरून तो खरं बोलतोय हे तिला कळलं. त्याचा उपयोग मात्र काही नव्हता.

मोटार बंद, टाकी कोरडी. आवडी पुन्हा वहाळावर जाऊ लागली. एका सकाळी शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सरकला. पाठीमागून येणाऱ्या बायकांनी तिला हाक मारली तेव्हा ती पाण्यात बसून होती आणि तिला उठता येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वाडीत तिला उचलायला पुरेसे पुरुषही नव्हते. महादूनं आणि दोघा म्हाताऱ्यांनी बांबूला चादर बांधून, पावसात, तिला कॉलनीपर्यंत खाली आणलं. वैशाली छत्री न घेताच रस्त्यावर धावली. आवडीचा चेहरा पांढराफटक पडला होता. रिक्षात घालताना तिनं वैशालीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "रडू नको गो, तुजी काय चूक?"

महादू रिक्षात पुढे बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आवडीचं ऑपरेशन झालं, आणि त्याच आठवड्यात वैशाली नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब तुटक बोलले, पण त्यांनी फाईल मागवली. "दुसरा टप्पा नामंजूर झालाय. ग्राहक फार कमी आहेत." मग फाईल मिटून म्हणाले, "एक करता येईल. तुमच्या कॉलनीच्या डीपीवरून वाडीला तार ओढता येईल. अंतर काहीच नाही. पण डीपी तुमच्या वर्गणीतला आहे, तुमच्याचसाठी बसवलेला. सोसायटीनं संमतीचं पत्र दिलं तर लगेच करतो."

वैशाली अक्षरशः पळत घरी आली. तिला वाटलं, आता झालंच.

सभा रविवारी देवळाच्या मंडपात भरली. वैशालीनं उभं राहून सगळं सांगितलं. तिला भाषण करता येत नव्हतं, पण आवडीला डोलीतून आणताना सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मग प्रियदर्शिनी मॅडम बोलायला उठल्या.

"वैशाली, आपल्या सगळ्यांची सहानुभूती त्यांच्याबरोबर आहे. पण जरा व्यवहारानं बघू या. उद्या त्यांच्या तारेवर झाड पडलं तर फ्यूज कुणाचा उडणार? आपला. एवढं करून लाईट सुधारली आणि परत पहिले पाढे पंचावन्न?"

"पण मॅडम, लाईन त्यांच्याच जमिनीतून आलीय," वैशाली म्हणाली. "दादानं आंबे तोडू दिले, ते वाडीला लाईट येणार म्हणून."

"असं आश्वासन सोसायटीनं दिलं होतं का?"

"मी दिलं होतं," वैशाली म्हणाली.

"मग तू आम्हाला विचारायला हवं होतंस ना." मॅडमच्या आवाजात राग नव्हता. त्या अगदी समजुतीनं बोलत होत्या. "आपण असं करू. वाडीतल्या प्रत्येक घराला सोलर कंदील देऊ. सोसायटीतर्फे."

टाळ्या पडल्या. माणसांचे चेहरे सैल झाले. तरीही वैशालीनं हट्ट धरला की तिच्या मागणीवर हात वर करून मत घ्या. तिचा हात वर गेला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा अर्धा वर गेला आणि बायकोनं बघितल्यावर खाली आला. वैशालीनं हर्षदकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता.

घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधीच विचारलं, "तुमचा हात का नाय वर झाला?"

"अगं, सगळे विरोधात. एकट्या माझ्या हातानं काय होणार होतं?"

"माझ्या हाताशेजारी दुसरा हात दिसला असता."

"आपल्याला इथं राहायचं आहे, वैशाली."

तिनं चपला काढल्या. स्वयंपाकघरात गेली आणि भाताला आधण ठेवलं.

कंदील वाटायला कॉलनीतली माणसं वर गेली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. वैशालीला बोलावलं होतं, ती गेली नाही. फोटोत महादू मधोमध उभा होता, कंदील छातीशी धरून. तो मागं राहू नये म्हणून त्याला मुद्दाम मधे घेतलेलं दिसत होतं.

गणपतीत ती माहेरी गेली. दरवर्षी जायचीच. आवडी ओटीवर पाय लांब करून बसली होती, शेजारी वॉकर. तिनं "ये गो" म्हटलं. आतून महादू बाहेर आला. वैशाली वाकून पाया पडली, तसा तो एक पाऊल मागं सरला.

"या. बसा, वैशालीताई," तो म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसलीसुद्धा. पण महादूनं भिंतीला टेकलेली घडीची खुर्ची आणली, ती उघडली, टॉवेलनं पुसली आणि तिच्यापुढं ठेवली. ऑफिसातला साहेब वाडीत आला की त्याच्यापुढं ठेवायचे तशी.

"दादा, मी खाली बसते."

"नको, साडी खराब होईल तुमची. चहा घ्याल ना? दूध नाय, कोरा चालंल काय?"

"दादा, असा काय बोलतोस रे? शिव्या दे मला."

"तुम्हाला शिव्या कशाला? तुम्ही काय वाईट केलंत? कंदील पण पोचलं." तो चहा ठेवायला आत गेला.

आवडीनं तिच्याकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे. "त्याला बोलू दे," ती हळूच म्हणाली. "माज्याशी पण नीट नाय बोलत. आंब्याला मीच तोडा म्हणलं होतं ना."

वैशाली त्या खुर्चीवर बसली. चहा कपबशीतून आला, घरातल्या पितळी पेल्यातून नाही. तिनं तो पिऊन संपवला. प्रसाद घेतला. निघताना महादूनं वेशीपर्यंत सोबत केली, दोन पावलं मागं राहून, पाहुण्याला पोचवावं तशी.

दिवाळीनंतर नालासोपाऱ्याहून महादू-आवडीचा मुलगा आला. वॉकरवरच्या आईला डोंगरात पाण्यावाचून ठेवायला तो तयार नव्हता, आणि महादूला एकट्याला राहता येणार नव्हतं. गुरं विकली. घराला कुलूप घातलं. तोवर बोरकोंडातली आणखीही दोन घरं बंद झाली होती. जुना पोल अजून आडवाच पडलेला होता. साहेब एकदा रस्त्यात भेटले तेव्हा वैशालीनं पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "आता तर तिथं लाईन नेण्यात अर्थच राहिला नाही. घ्यायला आहे कोण?"

निघायच्या दिवशी भाड्याची गाडी कॉलनीच्या फाट्यावर उभी होती. वैशालीनं डब्यात घावन आणि लसणाची चटणी भरून आणली होती. आवडीनं डबा मांडीवर घेतला. महादू सामान दोरीनं बांधत होता. दोर ताणून गाठ मारीपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"दादा," वैशाली म्हणाली, "तुझ्या जाग्यातले पोल काढायला सांगू काय? तू अर्ज दे, मी सही करते. मी भांडते."

महादूनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं.

"काढून काय करू? त्यानं वाडीत लाईट येल?" तो म्हणाला. "राहू देत. तुमचं तरी चाललंय."

तो गाडीत बसला. गाडी महाडच्या दिशेनं वळली. वैशाली फाट्यावर उभी राहिली. मग मागून प्रियदर्शिनी मॅडमनी हाक मारली. त्यांना सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेला वैशाली आणि हर्षद जोडीनं बसायला हवे होते.

"नाही बसणार," वैशाली म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.