सही केली देनेशने

मी वही बोलतेय. हिरव्या पुठ्ठ्याची, ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावातली. हुकूमशहा गेला त्या हिवाळ्यात इथल्या अल्पसंख्य हंगेरियन लोकांनी आपला पक्ष काढला, आणि शाळेत शिकवणाऱ्या इल्काबाईंनी तिथल्या कपाटातून उचलून मला सभासदांची वही केलं. खरं तर माझ्या नशिबी भूगोल होता.

काय ते दिवस! बर्फ झाडत लोक रांगेत उभे राहायचे. इतकी वर्षं आपली भाषा दबक्या आवाजात बोललेली माणसं पेन असं दाबायची की पुढच्या पानावर अक्षर उमटायचं.

रेबेका पहिल्याच दिवशी आली, मागेपुढे बघत. तिचा नवरा देनेश साखर कारखान्यात होता. भित्र्यांचा राजा!

"देनेश नाही आला?" बाईंनी विचारलं.

"तो कसला येतोय! म्हणतो, पक्ष नको नि भानगड नको. त्याला सांगू नका हं, बाई."

आणि तिनं सवयीनं पहिल्या पानावर सही ठोकली: केलेमेन देनेशने.

तुम्ही हसाल. तुमच्या मराठीत याचा अर्थ सही देनेशनेच केली. आमच्याकडे आडनाव आधी येतं, आणि लग्न झालं की नवऱ्याच्या नावाला 'ने' जोडायचं, की झाली ती त्याची बायको. रेबेका त्यात कुठेच नव्हती. तिलाही ते खटकलं नाही, बाईंनाही नाही.

मार्चमध्ये दोन सरकारी गृहस्थ आले आणि गोड बोलून मला तपासणीला घेऊन गेले. त्यांच्या कारकुनाला हंगेरियन येत नव्हतं. शेवटचा 'ने' त्याला फालतू वाटला. त्यानं तो गाळला. पहिलं पान उतरवून होतंय तोच इल्काबाई दारात हजर झाल्या आणि भांडून मला परत घेऊन आल्या. तेव्हापासून मी त्यांच्या पिठाच्या डब्यात आहे.

काल रेबेका धावत आली. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"बाई, त्याला कारखान्याच्या फाटकातूनच नेलं! यादीत तुझं नाव आहे म्हणाले. सही कुणाची, विचारलं. माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता हो!"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, माझीच."

मला माझीच लाज वाटली. बाईंची नजर पिठाच्या डब्यावरून चुलीकडे गेली.

"वही जाळू नका, बाई. अक्षर माझं आहे. ते दाखवून त्याला सोडवीन."

"आणि आतली बाकीची तीनशे माणसं, रेबेका?"



आज सकाळपासून चौकात आमच्या लोकांविरुद्ध आरडाओरडा आहे, आणि तो आता आमच्या गल्लीत वळलाय. बाईंनी डब्याचं झाकण काढलंय. चूल पेटलीय. मला मात्र त्यांनी अजून बाहेर काढलेलं नाही.

बाई, मला चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण आधी पहिलं पान फाडा. ते त्यांच्याकडे गेलंच आहे, त्यानं आता नवं कुणी सापडणार नाही. ते रेबेकाला द्या. आणि तिला म्हणावं, त्या ओळीखाली स्वतःचं नाव लिही. नुसतं रेबेका.