माणिकबाईंच्या डाव्या गालातून

मी माणिकबाईंच्या डाव्या गालातून बोलतोय. हसू नका, खरंच सांगतो! चहाच्या एका चमच्यात माझ्यासारखे पाच मावतील, एवढासा माझा जीव. आता माझं बिऱ्हाड शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत, पण या घटकेला आम्ही अमरावतीच्या दवाखान्यात आलोय. आणि गेल्या काही दिवसांत जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

लोक मला फिलर म्हणतात. सब्जा भिजवल्यावर त्याच्या भोवती जो बुळबुळीत थर धरतो ना, साधारण तसा मी दिसतो. माझा जन्म कारखान्यातला, पण कूळ तुमच्याच कातडीतलं! त्वचेत पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ असतो, हायलुरोनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी स्वभावानं गरीब, जाळत-बिळत नाही. वय वाढलं की तो कमी होतो, गालातली चरबी उतरते, आतलं हाडसुद्धा झिजतं आणि चेहरा बसतो. कारखान्यात हाच पदार्थ आंबवून तयार करतात आणि लवकर विरघळू नये म्हणून त्याचे धागे एकमेकांत गुंतवतात. झालो मी तयार! सिरिंजमध्ये बसून, डबीत बंद होऊन मी अमरावतीला डॉक्टर गीतांजलींच्या दवाखान्यात आलो. कपाटात माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ होता.

कपाटात पडल्या पडल्या किती माणसं ऐकली म्हणून सांगू! एक बाई मोबाईलमधला फोटो पुढं करून म्हणाली, "मले अशी करून द्या." फोटो तिच्याच मुलीचा होता. एका भाऊसाहेबांना कपाळावरच्या आठ्या भरून हव्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "भाऊ, आठ्या कपाळ आखडून पडतात. त्याला औषध वेगळं. फिलर रिकामी झालेली जागा भरतो." अशा कितीतरी जणांना त्या समजावून परत पाठवायच्या. मला तर धाकधूक लागली, आपली मुदत या कपाटातच संपते की काय!

आणि एका बुधवारी माणिकबाई आल्या. वय छप्पन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, दोनशे झाडांची बाग एकटीच्या अंगावर. मागच्या वर्षी टायफॉईडनं वजन उतरलं. पुढं वजन भरलं, पण गाल काही भरले नाहीत.

"डॉक्टरीनबाई, मी थकली नाही," त्या खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "माहा चेहरा थकला. ज्याले भेटलं तो पुसते, बिमार हायेस काय? माहा पोरगा गजेंद्र अकोल्याहून रोज व्हिडिओ कॉल करते, माह्याकडं पाहते आन् म्हन्ते, आई, आता तुह्यानं होत नाही. या रविवारी तो बाग पाच वर्षं ठेक्यानं द्याचा कागद घेऊन येऊन राहिला. मंग मले फ्लॅटमंदी नेऊन ठेवन. बाग गेली तं मी खरंच बिमार पडीन, सांगून ठेवतो."

डॉक्टरांनी घाई केली नाही. साखर किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दातात पू-बिऊ आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "यानं वय जाणार नाही. गाल थोडे उचलतील, तेही वर्षभर, फार तर थोडं जास्त. सूज येईल, काळंनिळं पडेल. क्वचित औषध रक्तवाहिनीत गेलं तर मोठा धोका असतो. कातडी पांढरी पडली, फार दुखलं, डोळ्यांना कमी दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा फोन करायचा. फिलर विरघळवायचं इंजेक्शन मी इथं ठेवलेलंच असतं."

त्या इंजेक्शनचं नाव निघालं की माझ्या अंगावर काटा येतो! पण खरं सांगतो, ते जिथं ठेवत नाहीत तिथं मला कुणी गालात घेऊ नये. ब्यूटी पार्लरात तर मुळीच नाही.

"रविवार चारच दिवसांवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरा दिवस थांबलात तर बरं."

"कागद थांबते काय?" माणिकबाई म्हणाल्या.

झालं, डबी उघडली! काय तो थाट! बारीक, बोथट टोकाच्या नळीतून मी थेंबाथेंबानं आत उतरलो आणि डाव्या गालाच्या हाडाशी बैठक मारली. भाऊ उजवीकडं गेला. माणिकबाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांना हाव सुटली. "अजून टाका ना एकेक! झाडाले खत जास्त टाकलं तं बहारही जास्त येते."

"आणि फार झालं तर संत्रं पोलं होतं, साल फुगलेलं अन् आत पोकळ. तुम्हाला मी सांगायचं का?"

"हे बाकी बरोबर बोलल्या," माणिकबाई हसल्या. "पोलं संत्रं कोनी हातात घेत नाही."

निघताना डॉक्टरांनी बजावलं, गालाला हात लावायचा नाही, चोळायचं नाही, शेकायचं नाही. माणिकबाईंनी ते सगळं पाळलं. पण घरात मैनाबाई होत्या ना!

मैनाबाई म्हणजे माणिकबाईंची थोरली नणंद. सत्तरीच्या, मायाळू आणि हट्टी. सुई टोचली की जागा चोळायची, नाहीतर गाठ धरते, हा त्यांचा कायदा. लस घेतलेली लेकरं म्हणू नका, गोठ्यातली म्हैस म्हणू नका, मैनाबाईंनी सगळ्यांना चोळलेलं. शनिवारी दुपारी माणिकबाईंचा डोळा लागला आणि या मिठाची गरम पोटली घेऊन उशाशी बसल्या. आधी शेक, मग अंगठा! "एवढे पैसे घेतले आन् चोळलं बी नाही त्या डॉक्टरीननं," असं पुटपुटत दाबतायत आपल्या. मी आतून ओरडतोय, "अहो आत्याबाई, सोडा! मेलो!" पण गालातल्याचं कोण ऐकतं? मी घसरलो ना जबड्याकडं.

माणिकबाई दचकून उठल्या तोवर कारभार आटोपला होता. संध्याकाळी डावा गाल टम्म फुगला. डॉक्टरांनी फोटो मागवून घेतला, दिसतंय ना नीट, कातडी पांढरी नाही ना, खूप दुखत नाही ना, हे खोदून खोदून विचारलं आणि सोमवारी बोलावलं. मैनाबाई चुलीपाशी बसून रडत होत्या. "मी तं भल्यासाठी केलं वं माणिक."

"रडू नका ताई. तुमी माहं कधी वाईट केलं?" माणिकबाई म्हणाल्या. पण रात्रभर त्या कूस बदलत होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीही.

रविवारी गजेंद्र आला. दारातच त्याच्या हातातली फाईल खाली पडली. "आई! हे काय झालं? लकवा मारला का? मी म्हणत होतो ना! बॅग भर, आत्ता अकोल्याला चल!"

बघा आता! बिमार दिसू नये म्हणून जे केलं, त्यानंच माणिकबाई बिमार दिसल्या. त्यांनी चटकन पदर गालावर ओढला. मला वाटलं संपलं सगळं, बागही गेली आणि अब्रूही. पण पुढच्या क्षणी त्यांनीच तो पदर खाली केला.

"लकवा नाही मारला. मी गालात सुई घेतली."

"सुई? या वयात? कावून?"

"तुह्यासाठी! तू रोज माहा चेहरा पाहतं आन् माही बाग ठेक्यानं द्याले काढतं. म्हटलं, चेहराच नीट करून घ्यावा. चाल आता माह्यासंग."

आणि त्या निघाल्या! गजेंद्र मागं. ओळ न् ओळ दाखवली त्याला. सात झाडांना डिंक्या रोग लागून खोडातून डिंक गळत होता, तिथली साल खरडून मलम त्यांनी स्वतः लावलं होतं. उंदरांनी कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या त्यांनीच जोडल्या होत्या. "ठेकेदार फळ नेईन. झाड कोन पाहीन?" त्या विचारत होत्या आणि पुढं चालत होत्या. चाळिसाव्या झाडाशी गजेंद्र धापा टाकत बांधावर बसला.

"आई, बाबा गेले तेव्हा मी पोचलो नाही," तो खाली बघत म्हणाला. "फोनवर तुझे गाल दिसले की तेच आठवते. मला भेव वाटते."

माणिकबाई त्याच्या शेजारी टेकल्या. "भेव वाटते तं मले पुस ना, बह्याडा. चार वर्षांत बागेत पाय नाही ठेवला तुनं. पाहूनच सारं ठरवतं काय?" तो उठला आणि पुढच्या झाडाकडं निघाला. आणि मी आतल्या आत शिट्ट्या वाजवत होतो!

सोमवारी त्यानंच गाडी काढली. डॉक्टर गीतांजलींनी गाल हलक्या बोटांनी तपासला. सूज उतरायला लागली होती. मला अलगद वर सरकवत त्या म्हणाल्या, "बराचसा जागेवर येईल. नको असेल तर इंजेक्शन देऊन विरघळवता येतो. बोला, ठेवायचं की काढायचं?" बोलताना त्या गजेंद्रकडं पाहत होत्या. गजेंद्रनं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "ते आईला विचारा."

"राहू द्या," माणिकबाई म्हणाल्या. "आता सवय झाली त्याची."

वाचलो! तेवढ्यात गजेंद्रचा फोन वाजला. ठेकेदार होता, सही केव्हा करता म्हणून विचारत होता. गजेंद्रनं फोन आईच्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मंडळी, वर्षभरात मी हळूहळू विरघळून जाईन, माझा भाऊही जाईल, आणि हे गाल पुन्हा बसतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला गाल भरून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, शिकलेल्या डॉक्टरकडं जा, आणि देवाशपथ सांगतो, चोळू नका! आणि आईचा चेहरा उतरलेला दिसला तर बॅग भरायच्या आधी तिच्याशी दोन शब्द बोला. आता मला रजा द्या. माणिकबाई फोनवर म्हणतायत, "बाग द्याची नाही भाऊ, मीच पाहून राहिली," आणि त्या अशा काही हसतायत की मला इथं धड बसवत नाही.