वरवर शिकणारी

१९९६ साली कन्नड मुलखातल्या, शिवाजीनगरजवळच्या आमच्या शाळेत एका परदेशी विद्यापीठाची प्रश्नावली आली. वेगवेगळ्या देशांतली मुलं कशी शिकतात, हे त्यांना मोजायचं होतं. बेचाळीस विधानं, प्रत्येकापुढे 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत पाच चौकोन. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी भाषांतर मी केलं. मी निवृत्त होतो, पण मुख्याध्यापक सुधींद्र माझा जुना विद्यार्थी, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

शेजारच्या सगुणाबाईंची रक्षिता माझ्याकडे गणिताला यायची. आठवीतली. प्रमेय आधी तोंडपाठ म्हणायचं, ही आमच्या घरांतली जुनी रीत. पाचव्या-सहाव्या खेपेला ती अडायची. "अण्णा, थांबा. ही रेघ इथं कशाला काढली ते आत्ता कळलं." मग ते प्रमेय कुठूनही विचारा, ती सोडवायची. शाळेच्या खास गणितवर्गात जायचं, एवढाच तिचा ध्यास होता.

प्रश्नावलीच्या दिवशी वर्गात तिनं मला विचारलं, "अण्णा, 'पाठ होईपर्यंत मी पुन्हा पुन्हा म्हणते', इथं काय करू?"

"खरं ते कर."

तिनं 'नेहमी'वर खूण केली. 'शिक्षकांच्या सांगण्यावर मी शंका घेते' याच्यापुढे 'कधीच नाही'. मोठ्यांच्या हाती जाणाऱ्या कागदावर तिनं दुसरं काय लिहावं?

मागच्या बाकावरून तिच्याच वर्गातला यशोवर्धन कुजबुजला, "त्यांना काय पाहिजे ते बघून लिहा रे!"

गुण द्यायचा तक्ता मी आधीच वाचला होता. पाठांतर म्हणजे वरवरचं शिकणं. तो तक्ता देशादेशांच्या सरासरीसाठी होता, पण सुधींद्रनं त्यावरून खास वर्गाची मुलं निवडली. यशोवर्धन पहिला; रक्षिताचं नाव यादीत नव्हतं.

"सर, तुमची पोपटीण गेली की!" सुधींद्र हसत म्हणाला.

"तिला समजतं हो. म्हणता म्हणताच समजतं. शिवाय हे एकेका मुलासाठी..."

"सर, स्वल्प, थोडं काळाबरोबर चला. शास्त्रीय पद्धत आहे ही."

"सरी, बरं," एवढंच मी म्हणालो. बोलायचं ते सगळं घरून जुळवून नेलं होतं.

संध्याकाळी रक्षिता आली. वही उघडली नाही.

"अण्णा, पाठ करणाऱ्यांना कमी गुण मिळतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"भाषांतर करतानाच कळलं होतं."

"मग मला खरं लिही म्हणून का सांगितलंत?"

"गुणांचं आधी सांगितलं असतं तर मोजमाप चुकलं असतं, बाळ."

"कुणाचं?"

मी चष्मा पुसत बसलो. ती उठली, चपला घालून गेली. दुसऱ्या दिवसापासून शिकवणीला आली नाही. सगुणाबाई रस्त्यात समोरून येताना दिसल्या की अजून मीच आधी गल्ली बदलतो.